चौथ्या पेटीतला श्वास

भाऊ : मग ही चौथी पेटीच का जास्त दाखवते? बाकीच्या काय झोपा काढतात?

ताई : तेच विचारायला आलेय. सकाळी शेतात कोण येतं रे?

भाऊ : इथे कोण कडमडायला येणार? मी आणि हा पंप. काय झालंय ते नीट सांग, ताई.

ताई : पेट्यांची झाकणं आपोआप पडतात. मातीतून निघणारा वायू आत कोंडतो आणि यंत्र तो मोजतं. सगळ्यांखाली माती एकच, बाबांनी दलदल उपसून काढलेली. पीकही एकच. पण चौथीचा आकडा उजाडताना चढतो. नंतर दिवसभर बाकीच्यांसारखाच.

भाऊ : उजाडताना. तुला खरंच कळत नाही, की माझ्या तोंडून ऐकायचंय?

ताई : भलतंसलतं बोलू नकोस हं.

भाऊ : आपली चिमी त्याच वेळी गेली ना? बदकांच्या मागे धावत, दलदलीत. शेंडेफळ आपलं, बाबांचा जीव की प्राण. तिची चप्पल कुठे सापडली? जिथे तू चौथी पेटी मांडलीस तिथेच.

ताई : मी नाही निवडली जागा. नकाशावर सारख्या अंतराने खुणा केल्या, तिथे आली ती.

भाऊ : तेच तर म्हणतोय, आली! झाकण पडलं की आतून सुस्कारा येतो. मी कानांनी ऐकलाय.

ताई : यंत्रातला पंखा आहे तो, राजा.

भाऊ : असेल. बाबांनी हे रान उपसलं ते काय पिकासाठी? पीक मागाहून आलं. पाणी गेलं की पोरगी सापडेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. अजूनही नांगराला काही अडलं की मी उतरून बघतो. मूळ असतं. दर वेळी मेलं मूळच असतं.

ताई : म्हणून पंप बंद करू देत नाहीस होय? मला वाटायचं, पिकासाठी हटून बसलायस.

भाऊ : तुम्ही वायू मोजणारे म्हणता, पाणी परत येऊ द्या, वायू थांबेल. थांबेल की. पण मग तिला शोधायचं कुणी?

ताई : हा खांब बघ. बाबांनी जमिनीच्या बरोबरीने ठोकला होता, आठवतं? त्याच्या डोक्यावर एका पायावर उभं राहायची शर्यत लावायचो आपण. आज तुझ्या छातीला लागतोय. एवढी माती कुठे गेली?

भाऊ : बसली खाली.

ताई : थोडी बसली. बाकीची हवेत गेली. ही माती म्हणजे काय, तर जुनं गवत, मुळं, पानं. पाण्याखाली हवा नव्हती, म्हणून सगळं टिकून होतं. बाबांनी चर खणला तेव्हा आख्खं पान निघालं होतं बघ, शिरांसकट. पाणी उपसलं, हवा शिरली आणि सगळं कुजायला लागलं. तोच हा वायू.

भाऊ : सगळं म्हणजे?

ताई : सगळंच रे.

भाऊ : म्हणजे पाणी असतं तर चिमी...

ताई : राहिली असती. वेणीसकट.

भाऊ : आणि आपण तिला शोधता शोधता... अरे देवा. बाबा रोज त्या पंपाला तेल घालायचे गं.

ताई : त्यांना कुठे ठाऊक होतं? बस जरा. बस इथे.

भाऊ : मग चौथ्या पेटीत काय येतं? तीच येते ना?

ताई : उजाडताना तू कुठे असतोस?

भाऊ : तिथेच. चहा घेऊन. पेटीला टेकून बसतो जरा.

ताई : आणि बोलतोस तिच्याशी.

भाऊ : फार नाही. पिकाचं काहीबाही. तुझ्या चुगल्या.

ताई : तोंड पेटीत घालून?

भाऊ : झाकण पडायच्या आत, वाकून. नाहीतर तिला ऐकू कसं जाणार?

ताई : वेडा रे माझा! आपल्या श्वासातूनही तोच वायू निघतो. तू दात काढायला गेलास ना, त्या दिवशी चौथी गप्प होती. तेव्हाच मला शंका आली.

भाऊ : म्हणजे ती नाहीच तिथे.

ताई : असं कुठे म्हटलं मी? श्वास तुझा आहे, एवढंच मला ठाऊक. तिचं काही उरलं असेल तर खाली ओल्यात असेल. पंप चालू राहिला, तर एक दिवस तेही जाईल.

भाऊ : आणि पाणी आलं, तर ती कधीच सापडायची नाही.

ताई : नाही सापडणार. पण राहील.

(भाऊ उठून पंपापाशी जातो आणि तो बंद करतो.)

भाऊ : बाप रे. केवढा आवाज होता गं हा.

ताई : त्यातच वाढलो, म्हणून कळला नाही.

भाऊ : पेट्या काढणार आता?

ताई : पाणी चढायच्या आत काढायलाच हव्यात. लावतोस का हात?

भाऊ : लावतो. पण चौथी उद्यापर्यंत राहू दे. सकाळी तिच्याशी बोलायचंय.

ताई : काय सांगणार आहेस?

भाऊ : पाणी येतंय म्हणून. घाबरू नकोस म्हणून.