वलगावच्या फाट्यावर विमान

विमानाला स्टॉप असतात का, यावरून बापलेकाची जुंपलेली मी पाहिली आहे. आमच्या सलीमच्या घरी, अकोटला. सलीमनं कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात वेगळं जीपीएस बसवलं होतं. आधी त्यात मार्ग भरायचा, मग विमान त्या रेघेवरून आपोआप जातं. आम्ही अकोला ते अमरावती भरलं. सरळ रेघ आली.

मागं त्याचे अब्बा बसले होते. जन्मभर एसटी चालवलेला माणूस. म्हणाले, "यात अकोट कुठं हाय? दर्यापूर? वलगाव?"

"अब्बा, विमानाले स्टॉप नसतात."

"तू टाक तं."

सलीमनं वैतागून एकेक गाव भरलं. रेघ वाकडीतिकडी झाली, आणि माझ्या लक्षात आलं, हा तर अब्बांच्या फेरीचा रस्ता. कापसाची सालं बिघडली, अकोटातल्या कापसातून सरकी काढायच्या जिनिंग गिरण्या बंद पडत गेल्या, सवाऱ्या घटल्या, तशी ती फेरीही बंद झाली होती.

विमान वलगाववर आलं. खाली नुसता हिरवा पट्टा. ना घर, ना झाड. जीपीएसनं अमरावतीकडं वळण घेतलं तसे अब्बा पुढं सरकले.

"हळू घे न बे."

"कावून? खाली कोणीच नाही, अब्बा."

"फाट्यावर कोणी उभं असलं तं? गाडी बंद झाली, हे त्यायले कोणी सांगतलं?"

सलीमनं जीपीएस बंद केलं आणि विमान हातानं वलगावकडं परत वळवलं.