नटावरची पिवळी रेघ

आमी दवनीवाड्याकडले, धानवाले. बापाले वाटे मी धानाच्या बांधीत, शेतात राबावं, पन माहा जीव नांगरापेक्षा नांगराच्या बोल्टात. मंग गोंदियात एका उस्तादापाशी गाडी दुरुस्तीचं काम शिकलो. हिंदीवाला, लय कडक. मोटारसायकलच्या मागच्या एक्सलवर नटाखाली वायसर, लोखंडाची गोल चकती, बसते ना जी, तो त्यानं मले कितीक दिवस नुसता हातात धराले देल्ला. एक बाजू फुगीर, एक खोलगट. म्हने, आँख बंद कर और बता, पेट किधर है. पोट म्हंजे फुगीर बाजू नटाकडे, खोलगट बाजू गाडीकडे, म्हंजे नट कसला का वायसर दबते आनि नटाले धरून ठेवते. उलटा घातला तं चालून चालून नट ढिला होते.

आता मी संशयी मानूस आहो, लपवत नाही. चहावाला माह्या कपात दूध कमी टाकते का तेही पाहतो. तुमीही हे लिहून राहिले, मी बोललो तेच लिहून राहिले ना जी? वाचून दाखवा मंग. त्यापाई माही एक सवय, नट कसला का नटावरून वायसरवर पिवऱ्या आइलपेंटची रेघ ओढाची. माह्यामांगं कोनी नट हालवला तं रेघ तुटते, मंग कितीही कसा, पयल्यासारकी जुरत नाही. असे दोघं-तिघं पकडले मी.

माही पोरगी सुनंदा सालेकश्याकडे जंगलातल्या शाळेत मास्तरीन आहे, गाडी स्वता चालवते, मांगं तिची लहान पोरगी बसते. यंदा चेन बदलून मीच चाक बसवून देल्लं. काही दिवसांनी गाडी ढकलत आली, दोघी चिखलानं भरलेल्या. सुनंदा म्हने, बाबा, रस्त्याच्या मोडावर मांगचं चाक सरकलं, आमी धानाच्या बांधीत पडलो. काऊन असं झालं जी?

का सांगू तुमाले, माह्या अंगाची आगच झाली. माह्या गॅरेजसमोर, रस्त्याच्या पल्याड दिलीपनं नवीन गॅरेज खोललं होतं, आनि चाक बसवल्यावर सुनंदानं त्याच्याकडं हवा भरली होती. मी त्याची कॉलर धरून त्याले अल्याड आनलं. साऱ्या चौकासमोर इचारलं, माह्या पोरीच्या एक्सलले हात कायले लावला बे? तो म्हने, काका, देवाशपथ, हवा भरली अना गाडी सोडली. सुनंदा म्हने, बाबा, मी तिथंच उभी होती. मी म्हनलं, तू चूप राह्य, तुले या लोकायचं मालूम नाही.

खाली बसलो. रेघ तुटलेली. पाहा, म्हनलं, पाहा सगरे! नट काढला, वायसर हातात घेतला, आनि उलटापालटा करून पाह्यला जी. पिवरा रंग वायसरच्या खोलगट बाजूवर होता. पोटावर रंगाचा ठिपका नाही. म्हंजे मी रेघ ओढली तवाच तो उलटा होता. दुसऱ्यानं उलटवला असता तं रंग पोटासंगं अंदर गेला असता; रेघ तं नट आपोआप ढिला होऊन तुटली.

दिलीप मिस्त्री, त्याले एका नजरेत समजलं. त्यानं नुसती आपली कॉलर सारकी केली. सुनंदा म्हने, बाबा, कोनाचं काम होय? वायसर खिशात टाकता आला असता, खोटं कायले बोलू. म्हनलं, बाई, माहंच होय. अना लाज वाटली जी, भुई फाटावी तशी.

आता रेघ ओढाच्या आंधी मी पल्याड आवाज देतो, ये रे दिलीप, पोट कोनीकडं आहे पाहून जाय. येते बिचारा, पाहते. बराबर पाहते का नाही, हे मी पाहतो.

सुनंदा अजूनबी गाडी माह्याकडंच आनते. पन पोरीले बसवाच्या आंधी स्वता वाकते, नटावर बोट फिरवते, मंग किक मारते. पयल्या दिवशी मनाले लय लागलं, अजूनबी लागते. पन मी म्हनतो, पाह्य माय, रोज पाह्य, बापावरबी शक कर. पन दोघीही घरी या.