व्हॅलचं बेकन

ऑस्ट्रेलियातल्या तनुंडा गावी सॉसेजच्या दुकानात शनिवारी चिठ्ठी घेऊन नंबराची वाट बघत उभं राहावं लागतं. माझ्यापुढे दोन म्हाताऱ्या होत्या.

"डल्सी, मर्ल एकटीच बसलीय गाडीत."

"बसू दे. बर्फाची पेटी मांडीवर दिलीय ना, आता ती जागची हलत नाही."

"व्हॅलचं बेकन विसरू नका म्हणाली."

"मलाही म्हणाली. सबंध रस्ताभर तेच."

"आज सांगून टाकूया का तिला?"

"काय सांगणार? व्हॅल जाऊन दोन वर्षं झाली म्हणून? ईस्टरच्या खेपेला तूच सांगितलंस, ग्लेनिस. घर येईपर्यंत रडत होती. आणि दुसऱ्या दिवशी मला फोन, व्हॅल कशी आहे?"

"पण खोटं किती दिवस बोलायचं गं?"

"मी कुठं बोलते? मी नुसतं बेकन घेते."

"आणि त्याचं करतेस काय?"

"फ्रीजरमध्ये कोंबते. मला डॉक्टरनं बंद केलंय. तू नेतेस?"

"माझ्याकडे खाणारं कोण आहे आता?"

"मग गप्प उभी राहा. पाय भरून आलेत माझे."

"बावन्न नंबर!"

"आमचाच. लसणाचं एक मेटवुर्स्ट सॉसेज दे बाबा. आणि बेकन."

"बेकन पातळ कापू ना, बाई?"

"पातळच काप. डल्सी, तेवढीच फ्रीजरमध्ये जागा कमी लागेल."

"नको रे, जाड काप. व्हॅल जाडच न्यायची. मर्ल पुडकं उघडून बघते."