कोलमसमोरचा टायर

...नाही, मला काय करायचंय म्हणा! हेच म्हणाले ना अनिरुद्धराव मला, भर रस्त्यात, हातात माझ्याच घरच्या कॉफीचा टंबलर धरून, "वेंकूबाई, गाडी माझी, टायर माझा, आतली हवासुद्धा माझीच, तुम्हाला काय करायचंय?" ऐकलंत? हवा यांची! अहो, शेजारी म्हणून सांगायला गेले तर हे असं... आणि मी काय मुद्दाम बघायला जाते का? गाडी लावतात ती माझ्या दारापासून दोन हातांवर, आणि मी पहाटे सडा टाकून कोलमची रांगोळी घालायला खाली बसले की माझं तोंड आणि त्यांच्या गाडीचा मागचा टायर असे समोरासमोर, जशी काही मुलगी दाखवायला बसवलीय. मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो. रोज! आमच्या ह्यांचं तोंड मी लग्नानंतर इतकं निरखून बघितलेलं नाही.

तर तुम्हाला सांगते, कोलमच्या ठिपक्यांची शेवटची ओळ त्या टायरला लागून पडते. गाडी रोज त्याच दगडाला टेकवून लावतात, त्यामुळे ठिपका आणि टायर यांच्यात करंगळीएवढी जागा, ठरलेली. पोंगलला होती. मग हळूहळू अर्धी करंगळी झाली. आणि परवा चिमटीतून पीठ सोडते तर काय, अय्यो, ठिपका टायरच्या पोटावर! ठिपका सरकला नाही, दगड सरकला नाही, मग सरकलं कोण? टायरचं पोट बाहेर आलंय! हवा नाही आत, दुसरं काय?

एरवी मी गप्प बसले असते. मला काय करायचंय म्हणा! पण शुक्रवारी त्याच गाडीतून लक्ष्मीप्रिया माहेरी निघायची होती, ओरत्तनाडूला. यांची सून हो, नववा लागलाय तिला, वळैकाप्पु, म्हणजे बांगड्या भरायचं डोहाळजेवण, होऊन दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले, बसता उठता खळखळ. नवरा होसूरला कंपनीत, सासू देवाघरी, त्या घरात बाईमाणूस म्हणाल तर मी एकटी, तीसुद्धा शेजारच्या घरातली! आणि तो रस्ता... एका बाजूला नारळी, दुसऱ्या बाजूला कालवा, समोरून बस आली की आपणच कडेला व्हायचं. तिथे टायर बसला तर? ती पोर, ते पोट, तो कालवा... माझ्या घशाखाली इडली उतरेना.

मग काय, मी मागेच लागले. शेवटी वैतागून त्यांनी हवा मोजायचं ते यंत्र काढलं, गाडीबरोबर घेतलेलं, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत! लावलं. गाडीच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलंय तेहेतीस, आणि काटा चोविसावर! चारही टायर तसेच! मला आपला एकच दिसत होता. अनिरुद्धरावांचं तोंड असं झालं, पण कबूल करतील तर शपथ. "उन्हाळ्यात होतं असं." म्हटलं, हो का? मग जा आता पेट्रोल बंकवर.

गेले, हवा भरली, तसेच पापनाशमला कुणाला पत्रिका द्यायला गेले आणि भर दुपारी आले. मी तयारच होते दारात. म्हटलं, मोजा. "आत्ताच भरली ना!" मोजा हो! मोजली... सदतीस! आता सांगा, चित्रैचं ऊन, रस्ता तव्यासारखा, आणि हवा चार जास्त! फुटला म्हणजे? मी ओरडले, काढा, काढा, आधी काढा! ते बिचारे लुंगी सावरत एकेका टायरपुढे बसून फुस्स, फुस्स... बरोबर तेहेतिसावर आणून ठेवली. दोघेही समाधानानं आपापल्या घरी जेवायला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोलमला बसते तर टायर पुन्हा ठिपक्यापाशी! मोजली तर एकोणतीस! पंक्चर! चारही पंक्चर? कुणी खिळे टाकले? कुणाची नजर लागली? अनिरुद्धराव म्हणतात, "रात्री तुम्ही तर हवा काढली नाहीत ना?" मी! मला काय करायचंय म्हणा यांची हवा घेऊन!

तेवढ्यात त्यांच्या थिण्णैवरून, ओट्यावरून, खळखळ बांगड्या वाजल्या. लक्ष्मीप्रिया तिथे बसून पोटावर हात ठेवून हसतेय, डोळ्यांतून पाणी. "मामी, गाडी पळाली, ऊन लागलं की टायर तापतो, आतली हवा फुगते. काटा जास्त दाखवणारच. तुम्ही दोघांनी चांगली हवा काढून टाकलीत! पहाटे, गाडी हलवायच्या आधी मोजायची असते." म्हटलं, अगं मग काल का नाही बोललीस? "मामंजींना कोण शिकवणार? आणि मामी, तुम्ही कुणाला बोलू देता का?"

ऐकून घेतलं. पुन्हा बंक, पुन्हा हवा, आणि शुक्रवारी पहाटे मी आधी टायर मोजायला लावले, मग कोलम घातला. तेहेतीस, चारही! ठिपका आणि टायर यांच्यात माझी करंगळी सुखानं मावली. डिकीत मुरुक्कूचे डबे, अधिरसाचे डबे, तिचं सामान, सगळं मी स्वतः रचलं. चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी निघाली, लिंबू फटकन फुटलं, आणि मी किंचाळले, "टायर!" सगळी गल्ली बाहेर आली. पोर खिडकीतून हात हलवत गेली... माझे डोळे भरून आले. मला काय करायचंय म्हणा, पण आले.

मग फोनपाशी बसून. देवापुढे दिवा. एकदाचा वाजला. अनिरुद्धराव! पोचलात? पोर बरी आहे? टायर?

"पोचलो, पोर झोपलीय, टायर ठीक आहेत. पण वेंकूबाई, डबे काढले तर खाली स्टेपनी. हात लावला तर आत गेला हो, उकडलेल्या वांग्यासारखी! गाडी घेतल्यापासून कुणी बघितलीच नाही! वाटेत लागली असती तर?" आणि पुढे काय म्हणाले असतील? आवाज चढवून, मला... "तुम्ही करत काय होता? तुम्हाला दिसलं कसं नाही?"

आता बाळाला घेऊन त्याच गाडीतून यायचंय त्यांना. तोवर मला झोप नाही. सांगा तुम्हीच, आता रोज पहाटे कोलम काय डिकीत घालू?