टाळूवरचं तेल

मी मूळची वर्ध्याची, लग्न करून नागपूरला आली आणि यांच्या नोकरीपायी तिथून इकडे, कॅनडातल्या केंब्रिजला. एका जागी बसणं मला जमतच नाही, आत्ताही बोलता बोलता ओटा पुसून राहिली, तर तुम्ही रागावू नका. केस रंगवायचं विचारता ना, ते मी घरीच करते, माझे, यांचे, मैत्रिणींचेही. चार भाग पाडायचे, मागून सुरू करायचं, रंग सगळा एकदाच कालवायचा आणि घाई करायची नाही. घाई करायची नाही हे मी सांगते, हसू नका.

तर काय सांगू तुम्हाला, हिवाळ्यात यांचा लेऑफ झाला. साठीला टेकलेला माणूस, डोकं पूर्ण पांढरं. इतक्या वर्षांचा इंजिनीअर, पण सकाळी उठून करायचं काय, तर ड्राइव्हवे शोव्हल करायचा, बर्फ नसला तरी फावडं घेऊन बाहेर उभं राहायचं. नागपूरला सासूबाईंना कळवलं नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल आणि त्यात सगळं मस्त चाललंय आई. शेवटी एका प्लांटनं सोमवारी इंटरव्ह्यूला बोलावलं. मी म्हटलं, पांढऱ्या डोक्यानं जाऊ नका, रिटायर व्हायला आलेला माणूस कोण घेईल? रविवारी सकाळी बेसमेंटच्या वॉशरूममध्ये टबच्या काठावर बसवलं, हातमोजे घातले, रंग लावला, वाट पाहिली, धुतला.

आणि पाहते तर काय, बाजूनं काळंभोर अन् टाळूवर पांढरंच! कडेकडेनं शोव्हल करून मधला बर्फ तसाच ठेवावा, तसा दिसून राहिला होता माणूस. मी ओरडली, हे काहून असं झालं? तर हे हळूच म्हणतात, सकाळी टाळूवर थोडं तेल थापलं होतं. काहून? तर म्हणे डोकं तापलं होतं, लहानपणी आई थापायची. अहो, तेलावर रंग चढतो का? टॉवेलनं पुसलं होतं म्हणतात. मला तिथंच रडू आलं, रागही आला आणि कीवही आली.

पुन्हा लावावा तर कातडी लाल झालेली. वॉटर्लूला शिकते ना आमची ऋचा, तिला फोन केला, ती म्हणे, मॉम, जस्ट शेव्ह इट ऑफ. हिचं काय जाते! घरात कोणी गेल्याशिवाय आपल्याकडे मुंडन करतात का? आणि इथं तर आई जिवंत. हे आपले केस कापायचं मशीन हातात घेऊन बसलेले, मी म्हणे नाही, हे म्हणे मग उद्या असा जाऊ का, आणि तेवढ्यात सासूबाईंचा कॉल. मी म्हटलं उचलू नका. यांनी उचलला.

सासूबाई पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, टाळूले तेल लावलं होतं का रे? अन् हा एवढा मोठा माणूस ढसढसा रडला, नोकरी गेली आई, म्हणाला. सगळं सांगितलं, डोक्यावरचे केस काढायचे तेही सांगितलं. मला वाटलं, आता बिघडतात. तर त्या म्हणे, काढून टाक. मी मेल्यावर तुले येनं होते का नाही, कोनाले मालूम. माह्यासाठी आत्ताच काढलं समज.

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं.

मशीन मीच चालवलं. नोकरी लागली यांना, पण कॉन्ट्रॅक्टची, सुट्टी मागायची सोय नाही. केस आले परत, पांढरेच, रंगाचं नाव काढू देत नाहीत. फोन अवेळी वाजला की मी हातातलं टाकून धावते. रविवारी सासूबाई म्हणतात, किती वाढले, दाखव. हे मान वाकवून फोनपुढे टाळू धरतात, त्या तिकडून पडद्यावर हात फिरवतात, म्हणतात, वाढू दे बापा, येशील तवा मी तेल घालतो.

एवढं मात्र घडू दे रे देवा. मी रोज तिकिटं पाहून राहिली.