वरचा माईक

"गिरणीवाल्यांनी वीस वर्षं साचेखात्यात मागांच्या खडखडाटात राबवलं आणि कानात घालायला कापसाचा बोळाही दिला नाही!"

लालबागच्या बसस्टॉपवर धोंडूकाका पुतण्याला, लवूला, ओरडून सांगत होते. मागे रांगेत उभ्या अनोळखी तुळसाने कान टवकारले.

"संपाला पंधरा वर्षं झाली, काका. माझा ड्रम खोलीत रेकॉर्ड करायला माईक किती घेऊ? दुकानात तुम्हीच ऐकून निवडायचेत."

"दोन बस झाले. एक पायाच्या ड्रमला, एक वरून. भिंतींना गोधड्या लाव."

"वरच्यात झांजांचा बारीक आवाज नीट येईल?"

"झांजा वाजतात?"

"म्हणजे काय! रोज वाजवतो तुमच्यासमोर."

"मला वाटलं, तिथे तू नुसता हात फिरवतोस."

बस आली. तुळसा चढली नाही, काकांचं ऐकत थांबली.

"मग लवू, वरचा माईक मी कुणाच्या कानांनी निवडू? जा, विचार त्या गिरणीवाल्यांना!"