चार हात पुढे

नाही हो मिस्त्री, दोराला कशाला नावं ठेवता, गेल्याच महिन्यात बदललाय. तुम्ही ती चिरलेली फळी बघा. तेवढी पाणी यायच्या आत बुजवा, नाहीतर भरतीला होडी तरंगायची सोडून भरूनच जाईल. फार वेळ नाही हातात — हो, धक्क्याच्या भिंतीला टेकवूनच उभी केली होती. दरवर्षी करतो. ओहोटीला तळ उघडा पडतो, खरवडायचा, रंगवायचा, भरतीला परत तरंगते. शिडाची होडी, खाली कणा अरुंद, म्हणून भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे चार कॅन ठेवायचे, म्हणजे कलली तर भिंतीकडेच कलेल. डोलकाठीचा दोर धक्क्यावरच्या कडीला. बाकीचे दोर पाणी उतरेल तसे सैल करायचे. सगळं केलं होतं. सगळं.

मग पडली कशी? कणा दगडावर बसला, म्हणून पडली. चिखलात दगड आहे हे मला काय स्वप्न पडलं होतं? — म्हणजे, ताईनं सांगितलं होतं. कालच्या ओहोटीला ती गुडघाभर चिखलातून काठी टोचत टोचत फिरली आणि भिंतीवर खडूनं रेघ मारून आली. होडीचं टोक या रेघेपुढे न्यायचं नाही, म्हणाली. मी नेलं. चार हातच. तिचे गुडघे दुखतात, पायऱ्या जवळ पडाव्यात म्हणून —

असं भावोजींना सांगितलं मी. तुम्हालाही तेच सांगत होतो. पन्नाशी उलटली माझी, मिस्त्री. बाबांनी सगळं तिला शिकवलं, मी आपला दोर धरून उभा. बाबा जाऊन किती वर्षं झाली, तरी तेच — रेघ तिनं मारायची, थांबायचं मी. आज वाटलं, नाही थांबत. बस, एवढंच.

अर्धा तास छान उभी होती. मी म्हटलंसुद्धा, बघ ताई, झालं का काही? ती दोर सैल करायला होडीवर चढली. तेवढ्यात खालून कर्रकन आवाज आला, होडी भिंत सोडून बाहेरच्या बाजूला झुकली, कडीचा दोर तटकन तुटला, आणि ताई खाली. चिखलात पडली हे नशीब. मनगट मोडलं. उचलायला धावलो तर म्हणते, "मला राहू दे, आधी फळी बघ."

नाही, दवाखान्यात गेलो नाही. भावोजी आहेत तिच्याजवळ, इथं कुणीतरी नको का? — फोन? नाही केला. ती उचलणार नाही असं नाही हो. उचलेल. होडी कशी आहे विचारेल आणि रेघेचं नावसुद्धा काढणार नाही. आजवर मी जे जे मोडलं, त्यातल्या एकाचंही तिनं कधी नाव काढलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या द्यायच्या होत्या.

माझ्याकडे काय बघताय? पाणी आलं बघा पायाशी. ठोका तुम्ही. आता काही विचारू नका मला.